सुपरवायझरने दिलेली उशी

ताईस, तुझ्या रागावलेल्या धाकट्याचा नमस्कार.

मी ठीक आहे, आईला एवढंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

शौचाच्या जागेची ती फिशरची जखम मलमाने भरत नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी महिनाभर मलम लावा, नाहीतर छोटं ऑपरेशन करा. पण ऑपरेशननंतर क्वचित शौचावरचा ताबा जातो म्हणे. तिथेच मन अडतंय.

हे फक्त तुला सांगितलं होतं. आमच्या सुपरवायझरची बायको तुझी मैत्रीण असली म्हणून काय तिला सांगून टाकायचं? केसाने गळा कापलास. काल त्याने सगळ्या शिंप्यांसमोर मला मधे भोक असलेली उशी दिली. कुणी हसलंसुद्धा नाही. म्हणजे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

त्याच उशीवर बसून लिहितोय. बरं वाटतंय, याचाच जास्त राग येतो.

तरीही तुझाच,
धाकटा