काल सकाळी कशा गेलात?

अण्णा, लिहून घेणारं माणूस समोर बसलं की लोक सगळं बरंच आहे असं का सांगतात? मला याचं उत्तर येत नाही. तुम्हाला येत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, असले प्रश्न पडत नव्हते. आता मी बी.ए. झाले आहे, आपल्या घरातली पहिलीच, आणि नांदेडात एक हंगामी काम करते. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारी छोटी रेल्वेगाडी नव्याने सुरू झाली आहे. तिच्याबद्दल प्रवाशांना विचारायचं आणि छापील फॉर्म भरून आणायचे, एवढंच काम. पण या फॉर्मांवरून गाडीच्या वेळा कायमच्या ठरणार आहेत, असं साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि माझी छाती फुगली. लोकांचं म्हणणं वर पोचवणारी मी. हातात तुमचाच पॅड होता, ती लाकडी फळी, गंजलेल्या चिमट्याची. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तुम्ही तो माझ्याकडे दिलात आणि म्हणालात, "सांभाळ, परत मागणार न्हाई."

पहिले तीन दिवस मी संध्याकाळी फलाटावर उभी राहिले, कारण तेव्हा गर्दी असते. डाळमिलमधून सुटलेल्या बायका पदराने अंगावरची टरफलं झटकत येतात आणि गाडीची वाट बघत खाली बसतात. मी विचारायची, "मावशी, गाडीची सेवा कशी वाटते?" उत्तर एकच. "चांगली हाय की बाई." वेळा कशा आहेत? "चांगल्या हायत." काही अडचण? "काय बी न्हाई. सरकारनं गाडी सोडली, आनी काय पायजे." एकजण दातवण लावलेल्या काळ्या दातांनी हसत म्हणाली, "एवढं शिकून गाडीत बसणाऱ्याला 'बसलात का' इचारायला ठेवलं व्हय तुला?" सगळ्या हसल्या, मीही हसले. 'समाधानी' या शब्दापुढे खुणा करत गेले आणि गठ्ठा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेब खूश झाले. म्हणाले, आहे त्याच वेळा पक्क्या करून टाकू.

त्या दिवशी खोलीवर येऊन चिमट्यातले कोरे फॉर्म काढताना फळीच्या कोपऱ्यातला शाईचा डाग दिसला. तो मीच पाडलेला. लातूरचा जिल्हा नवा नवा झालेला, दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. नव्या कचेरीसमोर लिंबाखाली पोतं अंथरून तुम्ही अर्ज लिहायला बसता. उन्हाळ्याच्या सुट्टीत रेणापूरहून सकाळच्या बसने मीही तुमच्याबरोबर येते, कारण तुमची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली आणि मराठी अक्षर माझं बरं. एक म्हातारी येते, समोर उकिडवी बसते. तुम्ही विचारता, काय लिहू? ती हात जोडते. "समदं बरं हाय, मालक. सायबाला म्हणावं, आमी बरे हाव."

"मग एवढ्या उन्हात सायबाचा हालहवाल इचाराया आलात का, मावशी?" तुम्ही म्हणता. ती लाजून हसते. मग तुम्ही दौत बाजूला सारता आणि तिला विचारता की आज उठल्यापासून काय काय केलं, ते नुसतं सांगा. ती सांगत जाते. पहाटे विहिरीवर गेले. बादली तळाला घासली, गाळच आला. टँकर येतो, पण पाटलाच्या दारापर्यंत. आमच्या वस्तीवर यायला रस्ता हाय, पर डायवर म्हणतो, हुकूम न्हाई. तुम्ही मान डोलवता, मधे बोलत नाही. तिचा अर्ज तयार होतो.

तो पक्का उतरवायला तुम्ही माझ्याकडे दिलात. मला बादली आणि गाळ हे काही अर्जात शोभेना. मी ते काढलं आणि 'पाण्याबाबत किंचित गैरसोय होत असून आपल्या कृपेचे आम्ही ऋणी आहोत' असं निबंधाच्या वहीतल्यासारखं लिहिलं. अंगठा घ्यायच्या आधी तुम्ही नेहमी अर्ज वाचून दाखवायचात. तो वाचलात. म्हातारी ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे कुणाचं हाय? माझं न्हाई." तुम्ही मला मारलं नाही, ओरडलाही नाहीत. कागद फाडलात, दौत माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "तिची बादली कुठं ठेवलीस? शोधून आण." रडत पुन्हा लिहिताना तो डाग पडला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे जाऊन गठ्ठा परत मागितला. ते म्हणाले, "अहो बाई, समाधानी लोकांना जाऊन असमाधानी करता का?" मी म्हटलं, दोन दिवस द्या. त्यांनी कपाळाला हात लावला, पण दिवसही दिले आणि गठ्ठाही. संध्याकाळी फलाटावर मी फॉर्म उलटा धरला आणि त्याच काळ्या दातांच्या मावशीला विचारलं, "काल सकाळी कामाला कशा गेलात?"

"चालत."

"गाडीने का नाही?"

"पहिली गाडी यायला नऊ वाजत्यात. मिलचा भोंगा आठाला. उशीर झाला की मुकादम गेटातूनच वापस धाडतो." मग ती माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "येताना ऐटीत येतो गं आमी. जाताना पाय." शेजारची म्हणाली, तिचा गुडघा सुजतो. तिसरी म्हणाली, अंधारात निघावं लागतं, म्हणून पोरीला कामावर आणत नाही. मी पाठकोऱ्या बाजूला सगळं तसंच लिहिलं आणि प्रत्येकीला वाचून दाखवलं. मावशीने दोनदा दुरुस्त केलं. "गुडघा डावा हाय, उजवा न्हाई." नंतर म्हणाली, "हां. आता माझं हाय."

सकाळची गाडी आठच्या आधी सुटेल की नाही, मला माहीत नाही. त्या म्हातारीच्या वस्तीवर टँकर गेला का, हेही तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. बहुतेक तुम्हालाही कळलं नसेल. तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही पोतं अंथरलंतच. कॉलेजात मी पुष्कळ शिकले, अण्णा, पण या कामाला उपयोगी पडलं ते लिंबाखालचं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पॅडच्या चिमट्यात सगळ्यात खाली लावून ठेवते. एक गोष्ट मात्र तुमच्यापासूनही लपवत होते. पहिल्या गठ्ठ्यातले शेवटचे चार फॉर्म मी कुणाला न विचारताच भरले होते. गाडी आली, बायका चढून गेल्या, आणि त्या काय म्हणणार ते मला ठाऊकच आहे असं मला वाटलं. आज सकाळी नवे फॉर्म देताना ते चार वेगळे काढून साहेबांच्या पुढे ठेवले आणि कसे भरले, ते सांगून आले.