फी उतरेपर्यंत

बेळगाव, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५४

प्रिय गोपाळ,

तुझ्याविरुद्ध एक फिर्याद गुदरतो. तू कार्ड पाठवलेस. मुंबईच्या शेअरबाजारात दलालाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाने आपल्या वकील मेहुण्याला उघडे कार्ड लिहावे, आणि त्यात ‘वेदगंगाचे काही खरे नाही’ असे ठसठशीत अक्षरात लिहावे? पोस्टमन मष्णूने ते दोन बोटांत धरून दिले, जणू दहाव्याची चिठ्ठी. दुपारपर्यंत निम्मा खडेबाजार समाचाराला येऊन गेला. पाठशाळेत आपल्याला गुह्य आणि प्रकाश्य यांतला भेद शिकवला होता. तू त्या दिवशी बहुधा चिंचा पाडत होतास.

तुझ्या बहिणीच्या डोळ्याचे विचारले आहेस. ते लिहितो. आधी तुझा दुसरा प्रश्न संपवतो, तो सोपा आहे.

तू म्हणतोस, वेदगंगा मोटार सर्व्हिसकडे ना कापसाच्या गाठी, ना साखरेची पोती. मग भाव पडले तर तिचे काय पडणार? अरे बाबा, निपाणीला तंबाखू पडला. मग बोरगावचा शेतकरी बेळगावला यायचा थांबला. तो थांबल्यावर गाड्या रिकाम्या धावू लागल्या. कंपनीने भाडे दोनदा उतरवले, ड्रायव्हरांचे पगारही उतरवले. गाड्या घेताना काढलेले कर्ज तेवढे उतरले नाही. ते महागाईत काढले आणि स्वस्ताईत फेडायचे आहे. हप्ता तोच, पण तो भरायला आता दुप्पट उतारू लागतात. म्हणून माझ्याकडचा शंभराचा शेअर एकतिसावर आला, आणि तरीही कुणी घेईना, कारण पुढच्या महिन्यात तो पंचविसाला मिळेल अशी सर्वांची खात्री आहे.

आपले गाव तसे काही पिकवत नाही. ते अर्ज लिहिते, कपडे शिवते, पोरांना शिकवते, दाढ्या करते. जोंधळा स्वस्त झाला तेव्हा आम्ही सगळे खूष होतो. महिनाभर मीही रोज जेवताना त्याचे कौतुक केले. मग गुंडू न्हाव्याची आठवड्याची गिऱ्हाइके पंधरवड्याने येऊ लागली. त्याने दर निम्मा केला तर ती महिन्याने येऊ लागली. आणखी उतरेल, घाई कसली. आता तो फुकट मालिश करतो. इतका वेळ करतो की परवा मीच त्याला दोन आणे देऊन डोके सोडवून घेतले. माझ्याकडे बोरगावचा जोतिबा आला होता, बांधाच्या दाव्याचा. कागद न सोडताच उठला. म्हणाला, “वकीलसाब, जिमिनीची किंमत लई उतरली, तुमची फी तेवढी हाय तशीच. थांबतो म्हंतो. पुढल्या साली तीबी उतरंल.” मी हसलो. घरी येऊन तुझ्या बहिणीला सांगितले, तीही हसली.

त्याच सुमारास, चैत्रात, तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुके येऊ लागले होते. शेजारच्या जयाबाईंनी मोतीबिंदू ठरवला आणि सांगितले की तो पुरता पिकल्याशिवाय काढायचा नसतो. आपल्याकडे सगळे असेच करतात; मीही मान हलवली. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असे ती एकदा म्हणाली. चंद्राला असे खळे पडले की पाऊस येतो असे शास्त्र आहे, असे मी तिला सांगितले. कपाळ दुखते म्हणाली तेव्हा सुंठ उगाळून दिली. दर महिन्याला एक नेत्रवैद्य गावात येतात. चैत्रात त्यांची शस्त्रक्रियेची फी पंचाहत्तर रुपये होती. ज्येष्ठात साठ झाली. दसऱ्याला पन्नास.

गेल्या आठवड्यात चाळीस झाली, तेव्हा तिला घेऊन गेलो. त्यांनी बत्ती धरून बराच वेळ पाहिले. मोतीबिंदू नव्हेच, काचबिंदू आहे. तो पिकत नाही, आतून नजर खात जातो. डावी नजर गेली, ती परत येणार नाही. चैत्रात आणले असते तर बरीच वाचली असती. उजव्यालाही सुरुवात झाली आहे. ती बाकावर हात मांडीवर ठेवून ऐकत होती. टांग्यात बसताना म्हणाली, “तुम्ही तरी काय करणार? पिकायची वाट बघायची असते, असंच सगळे सांगत होते.” मी टांगेवाल्याला घरचा रस्ता सांगितला. तेव्हापासून मला विशेष असे काही वाटत नाही. कोर्टात जातो, जेवतो, झोप लागते.

मंगळवारी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. शेअर अठ्ठावीसने विकले आहेत, तेव्हा आता त्यांच्याबद्दल कार्ड लिहू नकोस. तू सोमवारी ये. तिला तिचा अण्णा हवा आहे, आणि मलाही तू हवा आहेस. मी डोळा पिकण्याची वाट पाहत नव्हतो, गोपाळ. फी उतरण्याची पाहत होतो. पंचाहत्तर रुपये तेव्हा पेटीत होते. हे तिला मंगळवारच्या आधी सांगायला हवे, ती मला नीट पाहू शकते तोवर. आणि ते एकट्याने माझ्याच्याने होत नाही. वैद्य उजव्याची हमी देत नाहीत. तोही जाईल, अशी मला भीती वाटते.

तुझाच,
दत्तू