फक्त वारा सुटला होता

हिंजवडी,
रविवार, २२ जून २००३

चि. समर्थ आणि सौ. भाग्यश्री,

तात्याचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तिकडचंही ठीक असेल असं धरून चालतो.

फोन असताना तात्यानं कागद कशाला काळा केला, असं म्हणशील. फोनवर तुझी आई कानाला कान लावून बसते. ईमेल करायचा तर वरच्या खोल्यांमधल्या कुठल्यातरी पोरीपुढे बसून सगळं बोलून दाखवावं लागतं. म्हणून पत्र. माझं अक्षर तुला लागत नाही, ठाऊक आहे. सावकाश वाच, घाई नाही. म्हणजे थोडी आहे, पण ते पुढे लिहितो.

आई बरी आहे. आत्ता जेवून पडलीय.

गावात नवीन काही नाही. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या की म्हशीला रस्ता ओलांडू देत नाहीत, म्हणून महिपतीनंही शेवटची म्हैस विकली. आता आख्ख्या आळीत पिशवीचं दूध. आपल्या वरच्या भाड्याच्या खोल्या भरल्यात. पोरी चांगल्या आहेत, फक्त पाणी फार सांडतात. त्यातली एक अपेक्षा, वर्ध्याकडची. तिचं ऑफिस जिथं उभं आहे तिथं आपलं वरचं भाताचं खाचर होतं. तू बांधावरून पडून हात मोडून घेतलास, ते.

या पोरीचं काम ऐकून मी कपाळाला हात लावला. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांसाठी ती वावटळी मोजते. आपल्याकडची पाचोळा उडवणारी नाही, तुमच्या ओक्लाहोमाकडची, घरं उचलणारी. कुठल्या राज्यात वर्षाला किती, कुठल्या तालुक्यात किती, कुठल्या गावाला किती वर्षांनी एकदा. त्यावर तिथल्या माणसाचा विम्याचा हप्ता ठरतो. म्हटलं, बाई, आमच्या खाचरात बसून तू ओक्लाहोमाचा वारा मोजतेस, तुझ्या आईबापाला काय सांगतेस? म्हणाली, "कॉम्प्युटरचं काम आहे, एवढंच सांगते. बाकी त्यांना समजत नाही नं काका."

मे महिन्यात तुमच्याकडं वादळं झाली तेव्हा तिनं आम्हाला सांगितलं. तू नाही सांगितलंस. आम्ही लावला तर फोन लागेना. तुझी आई देवापुढं बसली आणि मी उगाच ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो. मग तुझा फोन आला. "काही नाही तात्या, इकडं फक्त वारा सुटला होता." बरं म्हटलं. तू सांगितलंस, आम्ही ऐकलं.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. रोज संध्याकाळी अपेक्षा बसमधून उतरली की मी ओट्यावर हजर. तुझ्या गावाला किती वेळा येते वावटळ? तिनं शांतपणे समजावलं. राज्यात दर वर्षी पुष्कळ येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी जास्त. एका तालुक्यात त्यातल्या थोड्या. आणि एकाच घरावर यायची म्हणाल तर माणसाच्या दहा पिढ्या जातील तरी येणार नाही. मी म्हटलं, कळलं. गारपिटीसारखं. शेजारच्या पोपटचा द्राक्षमळा झोपतो आणि बांधापलीकडं माझ्या कांद्याला गार लागत नाही. ती म्हणाली, "अगदी तसंच काका." मला जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं, पोपटचा मळा झोपलाच होता की. सरासरी सांगून त्याचं समाधान झालं नव्हतं.

मग मी विचारलं, आमच्या मुळशी तालुक्यात किती? ती दुसऱ्या दिवशी कुठंकुठं शोधून आली. शून्य. मला राग आला. तू चौथीत होतास तेव्हा पोपटच्या गोठ्याचे पत्रे उडून नदीपलीकडं पडले होते, वैजनाथ न्हाव्याचं दुकान बसल्या जागी फिरलं होतं. सगळ्या गावानं डोळ्यांनी खांब पाहिला धुळीचा, काळा, वर ढगाला लागलेला. तलाठ्यानं येऊन लिहिलं, सोसाट्याचा वारा. विषय संपला.

अपेक्षा म्हणाली, "कुणी कळवलं नाही, म्हणून ते धरत नाही काका. अमेरिकेतपण असंच आहे. जिथं वस्ती नाही तिथं जुन्या वावटळी कमी दिसतात. पाहणारंच कुणी नव्हतं, मग सांगणार कोण?"

म्हणजे वावटळ येऊन गेली ती गेली. पण कुणी सांगितलं नाही तर आलीच नाही. हे वाक्य मला तेव्हापासून छळतंय बघ.

तुझ्या आईचं गणित मात्र वेगळं. तिला सरासरी कळत नाही, पण तुझा आवाज कळतो. वादळानंतर दर रविवारी फोनवर ती सूनबाईला तेच विचारते, आज काय केलं जेवायला? पहिल्या रविवारी भाग्यश्री म्हणाली, बाहेरून आणलं. दुसऱ्या रविवारी पिझ्झा. तिसऱ्या रविवारीही बाहेरचंच. फोन ठेवला आणि तुझी आई, आमच्या मुक्ताबाई, मला म्हणाल्या, "पोरांचं घर गेलं हो." मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, दमतात बिचारी, ऑफिस असतं. तर म्हणते, "दमलेलं माणूस खिचडी टाकतं. तीन आठवडे बाहेरचं खाणाऱ्याला चूल नाय. आन् आवाज घुमतोय, खोलीत सामान नाय."

मग मी अपेक्षाला खोदून विचारलं, वावटळ नेमकी कुठून गेली. तुझा पत्ता दाखवला. ती खाली बघायला लागली. म्हणाली, "काका, तुम्ही त्यालाच विचारा नं."

मी विचारलं नाही. आता का ते लिहितो. इथवर तीन वेळा पेन खाली ठेवलं, चहा करून आलो. हो, चहा मीच करतो. स्वयंपाकही. भाकरी वरच्या पोरी देतात, आमटी मी टाकतो, तिखट होते.

तुला विचारलं असतं तर तू उलटून विचारलं असतंस, तात्या, तुमचं काय? आई हल्ली दोन वाक्यं बोलून फोन तुमच्याकडं का देते? आणि मला खोटं बोलता येत नाही. मुक्ताबाईंनी मला गळ्याची शपथ घातलीय. आपल्या घरात रीतच आहे ही. लांबच्या माणसाला वाईट कळवायचं नाही, त्याला उगाच घोर. तुझी आजी गेली तेव्हा तुझी परीक्षा होती, शेवटचा पेपर होईपर्यंत तुला कळू दिलं नाही. कळल्यावर तू दोन दिवस जेवला नव्हतास. आणि आता तूच तिकडं छप्पर उडालेल्या घराला वारा म्हणतोस. शिकलास बरोबर. दोष कुणाला द्यायचा?

तर ऐक. तुझ्या आईच्या छातीत गाठ निघाली. फेब्रुवारीत. डॉक्टरांनी तपासली, चांगली नाही म्हणाले. मार्चपासून औषध चढवतात, दर तीन आठवड्यांनी. केस गेलेत, म्हणून डोक्यावरचा पदर सोडत नाही. त्या औषधानं गाठ लहान झालीय, आता काढायची म्हणतात. डॉक्टर बरे वाटतात. आता काढली तर आशा चांगली आहे, असं मला स्वतः म्हणाले. थांबू नका, असंही म्हणाले.

आणि ही थांबलीय. दहा जूनची तारीख होती. पिशवी भरली, रिक्षा दारात, आणि ओट्यावर बसून राहिली. "पोरगं उघड्यावर असताना मी टेबलावर कशी निजू? मला काय झालं तर त्याला घर नाय, आई नाय." म्हटलं, अगं मग त्याला विचार ना. तर म्हणते, "विचारलं तर माझं सांगावं लागंल." रिक्षावाल्याला मी पैसे देऊन परत पाठवलं. मी चिडलो तिच्यावर. खूप बोललो. मग दोघंही जेवलो नाही.

तुम्ही तिकडं तिला घोर नको म्हणून गप्प, ती इकडं तुला घोर नको म्हणून गप्प. मी मध्ये. दमलो रे समर्थ. म्हाताऱ्या बैलासारखं झालंय, बसलं की उठवत नाही. रात्री ती कण्हते आणि मी जागा नाही असं दाखवतो, कारण मी जागा आहे हे कळलं तर ती कण्हणंसुद्धा बंद करेल.

दुसरी तारीख मिळालीय. सोळा जुलै. हे पत्र तुला त्याआधी मिळेल असं पोस्टातला माणूस म्हणाला. मी शपथ मोडली, माझ्या गळ्याला काय व्हायचं ते होवो.

तू ये असं म्हणत नाही. नोकरी, व्हिसा, भाग्यश्री, पडलेलं घर, तुझं तुला कळतं. आलास तर मी नको म्हणणार नाही, एवढंच. खरं सांगायचं तर रोज विमानतळाच्या दिशेनं कान असतो. पण निदान फोन कर. आईला बोलाव आणि जे झालं ते सगळं सांग. छप्पर गेलं का, भिंती आहेत का, भाग्यश्रीला लागलं का, कुठं राहता, कशावर निजता. रडायचं असलं तर रड, तिला चालेल. तिचं पोरगं जिवंत आहे आणि तिच्याशी खरं बोलतंय, एवढं तिला ऐकू दे. ती रिक्षात बसेल, माझी खात्री आहे. मग तिचं तिला सांगू दे. तुला माहीत आहे असं दाखवू नकोस, तेवढी तिची लाज राख.

अपेक्षाला काल विचारलं, तुमच्या मोजणीत आमच्यासारख्यांचं काही धरता येतं का. ती हसली, मग डोळे पुसायला लागली. सगळं ठाऊक आहे तिला, दवाखान्यात दोनदा तीच आली होती बरोबर. म्हणाली, "आधी कळवा तर काका."

म्हणून कळवतोय. पत्र आता स्वतः जाऊन टाकतो, पेटी उद्या सकाळीच उघडते तरी. घरात ठेवलं तर फाडीन.

भाग्यश्रीला जप. इकडे सगळं ठीक नाही.

तुझा
तात्या