हळदीच्या गाण्याला गिटार

शनिवार, सांजच्याला. केदारखेडा.

डोकं तापलंय. आज पुतणीची हळद दळताना मी जात्यावर गाणं म्हणत होते, तर नवरा गिटार घेऊन शेजारी बसला. बँड पार्टीत वाजवतो ना. पायापाशी ती पेटी, प्रोसेसर म्हणतेत तिला. आत ढीगभर ॲम्पचे, म्हंजी गिटारीच्या स्पीकरच्या खोक्यांचे आवाज भरलेत, हा मात्र एकच लावतो. गेनचं बटन वाढवलं की आवाज खरखरीत, वरातीला; उतरवलं की मऊ, हळदीला. म्हणे, एकात सगळं भागतं. भागत असंल. माझं गाणं चाललं आन् हा सारखं बटन पिळून राह्यला.

बाया म्हणल्या, "भाऊजी, गिटार लई ग्वाड!" गाणं माझ्या आईचं. त्याचं कोणी नावबी काढलं न्हाई.

घरी आल्यावर मलाच म्हणतो, "अगं, तू जरा हळू म्हण. गिटार झाकली जाती."

"मंग माझ्या गळ्यालाबी बशिवा की एक बटन."

हसला, आन् पुन्हा त्या बटनावर वाकला.

सोमवारी नणंदेच्या पोरीची हळद हाय. गळा बसला म्हणून सांगणार. वाजव म्हणावं एकटाच.

पण माझ्या गाण्याबिगर हळद बराबर दळून झाली, तर मंग?