हजार घरांचा पेला

३ तारीख, मंगळवार

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची शिवणवाली. पाहुण्या अजून जिन्यातच, आणि ही गळ्यात टेप लटकवून दारात हजर! "कोण आलंय हो तुमच्याकडे?" म्हटलं, ये बाई, बस, नाहीतर तुला आज झोप यायची नाही.

दोघी जणी होत्या. एक उंच, एक चष्मेवाली. चष्मेवाली म्हणाली, "आजी, तुमचं घर चिठ्ठीत निघालंय." मला वाटलं बक्षीसच लागलं! तसं नव्हतं. सगळ्या देशांनी मिळून म्हणे ठरवलंय, अमुक सालापर्यंत घरोघरी चांगलं पाणी, शाळा, दवाखाना पोचवायचा. आपला देश कुठवर आला ते या मोजतात. सगळ्यांच्या घरी कुठे जाणार, म्हणून चिठ्ठ्या काढतात. "तुमचं एक घर म्हणजे हजार घरं समजा."

हजार घरं! आणि त्यांच्या वतीने बोलणार कोण, तर मी — तिसरीतून शाळा सुटलेली! काय सुचेल ते भडाभडा बोलले. किती माणसं, चूल कसली, संडास कुठे. ह्यांचं आजारपणसुद्धा सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी म्हणाली, "घरातली लहान मुलं पितात ते पाणी एक पेलाभर द्या. तपासायचंय."

आता आमच्या नळाचं पाणी सकाळी पिवळं येतं, कधी कधी वासही मारतं. ते पाहुण्यांपुढे ठेवायचं? आणि शिवणवाली डोळे फाडून बसलेली! कपाटात सूनबाईने ठमीसाठी विकतच्या पाण्याची बंद बाटली ठेवलेली असते. नात चार वर्षांची, पोट सारखं बिघडतं तिचं. तीच फोडली. घासलेल्या पेल्यात ओतली. ठमी तेच पिते ना? मग खोटं काय त्यात!

पण उंच बाईने विचारलं, "नळाचंच ना आजी?"

"तर काय!" म्हणाले मी.

४ तारीख, बुधवार

पुन्हा आल्या! रात्रभर उबेत ठेवलेली एक चकती दाखवली. पाणी घाण असलं तर तिच्यावर ठिपके उगवतात म्हणे. आमची कोरी करकरीत. "आजी, एक ठिपका नाही!" जाताना त्यांचा नंबर लिहिलेलं कार्ड दिलं.

सगळ्या गल्लीला सांगून आले. जिभेला हाड कुठे!

१९ तारीख, गुरुवार

कुठे तोंड लपवू?

सूनबाई चार महिने पाणीखात्याच्या पायऱ्या झिजवतेय. गटाराची आणि पिण्याची पाइपलाइन शेजारीशेजारी, ती बदला म्हणून. दिवसभर कारखान्यात उभी असते, तरी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या. आज उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं — तुमच्या भागातलं पाणी नुकत्याच झालेल्या घरोघरच्या तपासणीत बहुतांश घरी शुद्ध आढळलंय, सबब पाइप बदलण्याची गरज दिसत नाही.

"कुणाच्या घरचं तपासलं मेल्यांनी?"

शिवणवाली तिथेच होती. "तुमच्याच की! आजींनी नाही का सांगितलं?"

सूनबाई माझ्याकडे वळली. "आई, कोणतं पाणी दिलंत तुम्ही?"

शिवणवालीसमोर कसं सांगू? "नळाचं," म्हणाले.

दुसऱ्यांदा खोटं बोलले. पहिलं परक्यांशी तरी होतं.

२० तारीख, शुक्रवार

सूनबाईने बाटली आणणं बंद केलं. "पाणी चांगलंच आहे म्हणे, मग माझंच काहीतरी चुकत असेल. ठमीला मीच नीट जपत नसेन." रडली नाही. नुसती ओट्याकडे बघत राहिली.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना! नाही बोलले. ती कामावर गेल्यावर पाणी उकळलं, गार करून ठमीला दिलं. चोरासारखं. स्वतःच्या घरात!

२२ तारीख, रविवार

काही नाही. चोरून पाणी उकळते आहे.

२३ तारीख, सोमवार

दुपारी माझा डोळा लागला. ठमी स्टुलावर चढली आणि नळाला तोंड लावून प्यायली. मला उठवून सांगते, "आजी, मी माझं माझं प्यायले!" केवढी खूश!

२४ तारीख, मंगळवार

पहाटेपासून ओकाऱ्या, जुलाब. दवाखान्यात सलाइन लावलं. एवढासा हात, त्यात सुई. डॉक्टरीणबाई म्हणाली, "पाणी कुठलं पाजता?" सूनबाई म्हणाली, "नळाचं, पण तपासलेलं आहे हो."

तिथेच, बाकावर, सगळ्या लोकांत सांगून टाकलं. बाटली, पेला, सगळं. शिवणवालीपुढे लाज वाटली म्हणून, हेही सांगितलं.

सूनबाई म्हणाली, "आई, मला वाटत होतं मीच वाईट आई आहे." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन ठेवून दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मग फोन माझ्या हातात दिला. "ते कार्ड आहे ना? लावा. मी नाही बोलणार, तुम्ही बोला."

चष्मेवालीनेच उचलला. म्हटलं, बाई, माझ्या हजार घरांचं पाणी खोटं आहे, ते खोडून टाका. ती म्हणाली, "आजी, असं आपणहून कुणी सांगत नाही हो. वरच्यांना विचारते." रागावली नाही. त्याने जास्तच लागलं.

२६ तारीख, गुरुवार

ठमी घरी आली. बिस्किट मागितलं. सूनबाई माझ्याशी कामापुरतं बोलते — "आई, सरका", "आई, झाकण द्या". तेवढं बोलते हेच खूप.

२८ तारीख, शनिवार

चष्मेवालीचा फोन आला. या भागातली वीस घरं चिठ्ठीत निघाली होती. माझं ऐकून त्यांनी सगळ्यांना पुन्हा विचारलं. अकरा घरांनी पाहुण्या आल्या म्हणून बाटलीचं नाहीतर उकळलेलं दिलं होतं. आता मंगळवारी येणार आहेत, विसाच्या वीस घरी, आणि पेला त्या स्वतःच नळाखाली धरणार.