विमानातला माझा अर्धा हिस्सा

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसायाने दंतवैद्य, हौसेने वैमानिक, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवते. आजार पोटाचा आहे, डोक्याचा नाही; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या मुलीला मिळावी. गच्चीचं दार पावसाळ्यात फुगतं. खांद्याने ढकलावं, लाथ मारू नये.

२. दवाखान्यातली खुर्ची व सर्व अवजारे पलीकडच्या गल्लीतल्या तरुण दंतवैद्याला द्यावीत. त्याचा हात जड आहे, पण सवयीने हलका होईल.

३. दोन आसनी विमान दादाने आणि मी मिळून घेतलं होतं. एकदा हवेतच त्याचं इंजिन बंद पडलं आणि दादाने ते तरंगत आणून एका शाळेच्या मैदानावर टेकवलं. सामना चालू होता. पंचाने शिट्टी फुंकून आम्हा दोघांना मैदानाबाहेर काढलं. आयुष्यात इतकी मी कधीच हसले नाही.

दादा गेला तो या विमानात नव्हे. याचं इंजिन दुरुस्तीला उघडलं होतं, म्हणून त्याने आमच्या फ्लाइंग क्लबचं विमान नेलं. आकाश स्वच्छ होतं. तो परत येत असताना बघता बघता धुकं उतरलं. मी खाली रेडिओपाशी होते.

"बारके, धावपट्टी गेली कुठे?"

"वरच थांब दादा, निवळेल."

"थांबलो असतो गं. पेट्रोलचा काटा तळाला टेकलाय."

दुसरा विमानतळ त्याच्या आवाक्यात नव्हता. दोनदा तो खाली आला, दोनदा वर गेला. मग म्हणाला, "तू बोलत राहा. काहीही बोल."

मी त्याला आदल्या दिवशीच्या पेशंटची गोष्ट सांगायला घेतली. चांगला पहिलवान गडी, सुई बघूनच खुर्चीत आडवा झाला होता. दादा हसला. त्यानंतर नुसती खरखर. तरी मी ती गोष्ट शेवटापर्यंत सांगितली.

४. क्लबच्या सेक्रेटरीने शोकसभेत 'निष्काळजीपणा' हा शब्द वापरला. हवामानाचा अंदाज त्या सकाळी त्यानेही वाचला होता; त्यात धुक्याचं नावही नव्हतं. त्याला माझ्या इस्टेटीतून काहीही देऊ नये, आणि त्याच्याकडून फुलंही घेऊ नयेत.

५. विमानातला दादाचा हिस्सा वहिनींकडे आला. त्यांना विमान विकायचं होतं. मी सही दिली नाही. "तुम्हीच त्यांना विमानात चढवलंत, आणि आता मलाही लटकवून ठेवलंय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे येणं सोडलं. माझी बाजू मी कधी मांडली नाही. विमान विकलं की दादा संपला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गेल्या वर्षी त्यांची दाढ इतकी ठणकली की त्या माझ्याच दवाखान्यात आल्या. दाढ काढून झाल्यावर तोंडात कापूस तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "शेवटी त्यांच्याशी काय बोलत होतात तुम्ही?"

मी सगळं सांगितलं.

"हसले?"

"हसला, वहिनी. मोठ्याने."

त्या खुर्चीतून उठल्याच नाहीत. बाहेरच्या पेशंटांना मी उद्या या म्हणून सांगितलं.

माझा अर्धा हिस्सा मी वहिनींना देत आहे. विकावं, मोडावं की गंजू द्यावं, त्यांचं त्यांनी ठरवावं. कोणी त्यांना समजवायला जाऊ नये.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: नऊ नोव्हेंबर.

सही: लिहून देणार

साक्षीदार:
१. दवाखान्यातील मदतनीस (सही)
२. विमानतळावरील मेकॅनिक (सही)

वहिनींनाही सही करायची होती. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. मी लिहीत होते तोवर त्या शेजारी बसून राहिल्या.