तात्याच्या बाटलीतला बुडबुडा

कवठे महांकाळ, चैत्र १९७६, मंगळवार

बरेच दिवस वही टाळली. लिहिलं की राग उतरतो, आणि मला तो उतरू द्यायचा नव्हता.

तात्यानं मला त्याच्या विहिरीवरून हाकललं होतं. तहान लागली म्हणून कळशीला हात लावला, तर म्हणाला, "कुठला भटक्या रं तू? चोरा, हो बाजूला!" सगळी वस्ती हसली.

आता मी पाणी शोधणाऱ्या सरकारी साहेबांच्या तंबूत राहतो, विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या भरतो. साहेब सांगतात, खोल खडकातून एक वायू भेगांतल्या पाण्यात मिसळतो, किरणं सोडतो. यंत्राला किरणं जास्त दिसली की खालची भेग जिवंत, पाणी वाहतं, तिथंच सरकारी बोअर. म्हणून बाटली काठोकाठ भरायची. बुडबुडा राहिला की वायू त्यात पळतो, यंत्राला किरणं कमी दिसतात.

आज तात्याच्या विहिरीची बाटली माझ्याच हातात आली. यमाई पावली! थोडं पाणी ओतून टाकलं, बाटली खळखळून हलवली, मग बूच लावलं. केवढा बुडबुडा! आता बोअर दुसरीकडं. बस म्हणावं बोंबलत.

सांगलीला हळदीच्या पेठेत हमालीच करत राहिलो असतो तर... जाऊ दे. डोळ्यांपुढं बुडबुडाच येतोय. विहीर आटत आलीय, सारी वस्ती तिचंच पाणी पिते. मग? हसले नव्हते का सगळे?

तंबूबाहेर कोण आलंय? तात्याच! खांद्यावर भरलेली घागर.

"पाणी आणलंय रं तुमास्नी. गड्या, साहेब म्हनले बुडबुडा राहिला की बोअर हुकतं. आमच्या बाटलीत न्हाई ना राहिला?"